अक्कलदाढ काढल्यावर सुट्टी किती दिवसांची धरायची?

*मॅडम, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरची, वय २७. घरीच मशीनवर ब्लाउज शिवते. गेल्या पावसाळ्यात डावीकडची खालची अक्कलदाढ काढली. आडवी होती, हिरडी कापावी लागली. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात बरं वाटेल. पण पाचव्या दिवसापासून कान आणि कानशील असं ठणकायला लागलं की तीन आठवडे मशीनला हात लावला नाही. कानात थेंबही घालून बघितले. आता उजवीकडची दोनदा सुजली, तीही काढायला सांगितली आहे. दिराचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय, घरच्यांचे आणि गिऱ्हाइकांचे मिळून ढीगभर ब्लाउज पडलेत. शेजारच्या काकू दाढ काढून दुसऱ्या दिवशी भात कापायला शिवारात गेल्या. मग माझंच असं का झालं? नेमके किती दिवस लागतात, तेवढं सांगा की. दवाखान्यात दिलेला कागद कन्नडमध्ये होता. मला बोललेलं कळतं, वाचता येत नाही. सासूबाईंनी मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं होतं. आणि खरं सांगते, मला मिश्रीची सवय आहे, दुसऱ्या दिवशी लावली होती.*

*– एक शिलाईवाली*

शिलाईवाल्या ताई,

माझंच असं का झालं, हे तुम्ही विचारलंत आणि त्याचं निम्मं उत्तर शेवटच्या ओळीत स्वतःच लिहून टाकलंत. ‘खरं सांगते’ म्हणून लिहिलेल्या गोष्टीच डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडतात. माझ्या खुर्चीत बसलेल्या बायका मिश्रीचं नाव सहसा काढत नाहीत. हिरडीच्या कडेचा काळपट रंग बघून मलाच विचारावं लागतं. तुम्ही आपणहून सांगितलंत, त्यामुळे आता सरळ बोलता येईल.

आधी काकूंचं बघू. त्यांची दाढ बहुधा वरची असणार, सरळ उगवलेली, पूर्ण बाहेर आलेली. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत असतं, त्याला रक्तपुरवठाही चांगला, त्यामुळे तशी दाढ पाच-दहा मिनिटांत निघते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. तुमची खालची होती, आणि आडवी. खालचं हाड घट्ट. हिरडी उघडायची, कडेचं हाड थोडं कोरायचं, दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते एकेक काढायचे आणि वर टाके घालायचे, असं ते काम. दोन्हीला ‘दाढ काढली’ असंच म्हणतात, पण शर्टाचं बटण लावणं आणि अस्तराचा ब्लाउज शिवणं याला तुम्ही एकच मजुरी लावाल का?

आता तो कागद. तुमचा मी पाहिलेला नाही, पण असे कागद सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. त्यात ‘उगुळबेडी’ हा शब्द नक्की असणार. थुंकू नका. बसस्टँडच्या भिंतीवर ‘इल्लि उगुळबेडी’ लिहिलेलं असतं तोच शब्द. भिंतीवर तो स्वच्छतेसाठी असतो. कागदावर त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते कुणी समजावून सांगितलं नाही तर माणूस थुंकतोच. तोंडात रक्ताची चव आली की गिळायची किळस येते, उशाशी तांब्या घेऊन रात्रभर थुंकणं चालतं. तुमचंही तसंच झालं असेल असा माझा अंदाज.

दाढ निघाली की खाली खड्डा राहतो, त्यात रक्त साचतं आणि त्याची गुठळी होते. ती घाण नव्हे, जखमेवरचं झाकण आहे. तुमच्या कामातलं सांगायचं तर तो कच्चा धावदोरा. पक्की टीप नंतर पडते, पण तोवर कापड जागच्या जागी धरून ठेवायचं ते त्या दोऱ्यानेच. जोरात थुंकताना, खळखळून चूळ भरताना किंवा स्ट्रॉने शहाळं ओढताना तोंडात जी ओढ तयार होते, तिने हा धावदोरा उसवतो. म्हणून पहिले २४ तास चूळच भरायची नाही. लाळ गुलाबी दिसली तरी गिळायची. एक थेंब रक्त वाटीभर लाळेला रंग देतं, ते बघून घाबरायचं नाही. खरंच भळाभळा येत असेल तर स्वच्छ गॉझची ओली घडी खड्ड्यावर ठेवून अर्धा-पाऊण तास दात घट्ट आवळून बसायचं, मध्ये काढून बघायचं नाही. त्यानंतरही थांबलं नाही तर फोन करायचा.

तुमच्या बाबतीत ती गुठळी एकतर सुटून गेली, नाहीतर नीट धरलीच नाही, आणि खालचं हाड उघडं पडलं. आम्ही त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतो, म्हणजे कोरडा पडलेला खड्डा. त्याची खूण अगदी ठरलेली आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळं बरं चाललेलं असतं, मग तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास एकदम कळ सुरू होते. ती दाढेत थांबत नाही, कानात आणि कानशिलात जाते, कारण जबड्याची आणि त्या भागाची संवेदना नेणारी मुख्य नस एकच. तोंडाला वास येतो, गोळीचा उपयोग होत नाही. सूज किंवा ताप मात्र फारसा नसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की कानच बिघडला. तुमचे कानातले थेंब त्यातलेच. हे असं घडणारी तुम्ही पहिली नाही, माझ्याकडे एक गृहस्थ कानाच्या डॉक्टरांकडून आले होते.

त्यावरचा उपाय सोपा आहे, म्हणून तुमचे तीन आठवडे वाचून मला वाईट वाटलं. खड्डा सलाइनने धुवायचा आणि त्यात लवंगेच्या तेलातला अर्क असलेली औषधी पट्टी भरायची. बहुतेकांना तासाभरात उतार पडतो. एक-दोन दिवसांनी पट्टी बदलायची, असं दोन-तीनदा करावं लागतं. घरी लवंग तेलाचा बोळा कोंबणं म्हणजे हे नव्हे. नुसतं तेल जखमेला भाजतं, आणि कापसाचे धागे आत अडकून राहतात.

सासूबाईंच्या शेकाबद्दल. पहिल्या दोन दिवसांत गरम शेक नको, त्याने सूज वाढते, रक्तही पुन्हा सुरू होऊ शकतं. तेव्हा बर्फ. पंच्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटं, मग तेवढाच वेळ सुट्टी, असं जागेपणी पहिला दिवसभर आणि जमलं तर दुसरा दिवस. तिसऱ्या दिवसापासून कोमट शेक चालतो, जबडा आखडलेला असेल तर बरंही वाटतं. तेव्हा पुरचुंडी दोन दिवस उशिरा काढा एवढंच सांगणं आहे. खड्डा कोरडा पडला याचा दोष मात्र त्यांच्यावर टाकू नका. तो त्या पुरचुंडीचा नव्हता.

तो बऱ्याच अंशी मिश्रीचा होता. आपण राहतो त्या पट्ट्यात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी जवळ असताना, मिश्रीला कुणी तंबाखू मानतच नाही. ‘दात घासायची’ म्हणतात, आजीपासून नातीपर्यंत एकाच डबीतून लावतात. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे गुठळीला आणि हिरडीला रक्त पोचायला हवं नेमकं तेव्हाच ते कमी पोचतं. वर बोटाने घासणं, ती भुकटी ताज्या जखमेत जाणं, आणि मिश्री लावल्यावर थुंकणं आलंच. म्हणजे धावदोरा एकीकडून कुजवला आणि दुसरीकडून ओढलाही.

एकदा ड्राय सॉकेट झालेल्या माणसाला दुसऱ्या वेळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून उजवी दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा: ‘डावीकडे ड्राय सॉकेट झालं होतं आणि मी मिश्री लावते.’ जंतू मारणाऱ्या क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या किंवा जेल लागेल का, लागलं तर कधीपासून, हेही विचारा, त्याने धोका कमी होतो. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगायचं, त्यांचाही यात हात असतो. लग्नघर आहे, तेव्हा पाळी पुढे ढकलायची गोळी घेणार असाल तर तीही सांगा. डॉक्टर पुरुष आहेत म्हणून लाजू नका.

मिश्री दाढ काढायच्या आधी निदान तीन-चार दिवस बंद आणि नंतर दोन आठवडे बंद. कायमची सुटली तर मी पेढे वाटीन, पण आत्ता तेवढीच अट घालते. सकाळी डोकं चढेल, पोट साफ होणार नाही, चिडचिड होईल. तीन-चार दिवस हे जोरात असतं, मग ओसरायला लागतं. म्हणूनच दाढेच्या आधीच सुरुवात करा, म्हणजे दोन्ही दुखणी एकदम अंगावर येणार नाहीत. फोनवर कुणाची मदत हवी असेल तर सरकारची तंबाखू सोडवणारी १८००-११-२३५६ ही लाइन फुकट आहे.

आता दिवस. तुम्ही एकच आकडा मागता आहात आणि तिथेच घोटाळा होतो. ‘आठवड्यात बरं वाटेल’ म्हणणारे तुमचे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. ते चेहऱ्याबद्दल बोलत होते.

बधिरपणा दोन-चार तासांत उतरतो. तो पूर्ण उतरण्याआधी दुखण्याची पहिली गोळी पोटात गेलेली हवी, तीही रिकाम्या पोटी नको. कळ चढल्यावर तिला खाली आणायला दुप्पट त्रास होतो. डॉक्टर बहुतेक पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा दोन्ही देतात. दमा, अल्सर, किडनी यातलं काही असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा. घरात पडलेली अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका, तिने रक्त पातळ होतं. मेडिकलवाल्याकडून ‘मागच्या वेळच्याच अँटिबायोटिक द्या’ म्हणून आणणंही नको. बधिरपणा आहे तोवर चहा नको, ओठ भाजला की चावला गेला ते कळत नाही.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे आधी माहीत नसलं की माणूस तिसऱ्या दिवशी आरशात बघून रडतो. गाल फणसासारखा दिसेल, तोंड दोन बोटंही उघडणार नाही. चौथ्यापासून उतरायला लागलं पाहिजे, आठवड्याभरात बहुतेक जातं. गालावर निळं-पिवळं पडलं तर तो रंग खाली गळ्याकडे उतरतो आणि दोन आठवड्यांत विरून जातो. लग्नाच्या फोटोंचा विचार तुम्ही केलाच असणार.

मशीनचं म्हणाल तर पहिले तीन दिवस त्याच्याकडे बघूही नका. शिवताना मान खाली जाते, रक्त डोक्याकडे उतरतं आणि जखम ठणकते. भरलेली कळशी उचलायची नाही. झोपताना दोन उशा. चौथ्या-पाचव्या दिवशी हेमिंग, हूक-काजं असं पाठ टेकून करायचं काम अर्धा-एक तास करून बघा. आठवड्याने नेहमीसारखं बसता येईल. एक गोष्ट मात्र तुमच्या धंद्यातली म्हणून मुद्दाम: दोरा दाताने तोडायचा नाही आणि टाचण्या ओठात धरायच्या नाहीत. तुम्ही म्हणाल दोरा पुढच्या दाताने तोडतो, त्याचा मागच्या दाढेशी काय संबंध? तोडताना जबड्याला जो झटका बसतो तो मागच्या टाक्यांपर्यंत जातो. बरोबर कात्री ठेवा.

खाण्यात पहिला दिवस गार आणि पातळ: गार पेज, नाचणीची आंबील, दही, आइस्क्रीम चमच्याने. मग मऊ भात. येळ्ळूरच्या शिवारातला बासमती घरात असेल तर तो आठ दिवस विसरून साधा तांदूळ गिचका शिजवा, मोकळा शीत खड्ड्यात जाऊन बसतो. उकडलेलं रताळं दुधात कुस्करून खा. आपल्याकडचं रताळं याच्यासाठीच केलं असावं असं मला नेहमी वाटतं. चिरमुरे, भडंग, शेंगदाण्याची चटणी, तीळ दोन आठवडे नकोत. भाकरीचा पापुद्रा साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी, तोही डाव्या बाजूने. आपला दुधाचा कुंदा चालतो. हे मला दर वेळी विचारतातच, म्हणून न विचारता लिहिलं.

२४ तास झाल्यावर कोमट पाणी, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, प्रत्येक खाण्यानंतर. खळखळायचं नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच इकडे-तिकडे कलती करायची आणि तोंड उघडून पाणी बेसिनमध्ये पडू द्यायचं. बाकीचे दात दुसऱ्या दिवसापासून मऊ ब्रशने घासायचे, नाहीतर तोंडाचा वास कशाचा ते कळायचं नाही.

हिरडी वरून बुजायला तीन-चार आठवडे लागतात आणि आतलं हाड भरायला चार-सहा महिने. तोवर तिथे जिभेला खळगा लागतो, त्यात शीत अडकतं. ते सुईने, काडीने काढायचं नाही, आणि सुया तुमच्या हाताशीच असतात म्हणून हे सांगते. मिठाच्या पाण्याने निघतं. नाहीच निघालं तर आठवड्यानंतर डॉक्टर बिनसुईच्या सिरिंजने धुवायला शिकवतात.

माझीही खालची दाढ अशीच कापून काढली होती, दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला असताना. पाचव्या दिवशी हॉस्टेलच्या आरशासमोर टॉर्च लावून बघितलं तर खड्ड्यावर पिवळट पांढरा थर. पुस्तकात वाचलेलं होतं की हा भरत आलेल्या जखमेचा थर, पू नव्हे. तरी हात थरथरले, आणि मी तो इअरबडने पुसायला गेले. रक्त आलं, दोन दिवस जास्त दुखलं, वर सरांची बोलणी खाल्ली. तेव्हा तो थर दिसला तर टॉर्च बंद करा.

दुखणं चढत जाऊन तिसऱ्या दिवसानंतर उतरणीला लागायला हवं. उतरून पुन्हा चढलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाढ काढलेल्या ठिकाणी जायचं. मागच्या वेळी तुम्ही पाचव्या दिवशी गेला असतात तर तीन आठवड्यांचे पाच-सहा दिवस झाले असते. चौथ्या दिवसानंतर सूज वाढायला लागली, १०१ च्या वर ताप आला, पू आला, किंवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिरच राहिली तर तसंच. आणि जबड्याखाली, गळ्याकडे सूज उतरली, लाळ गिळवेना, श्वासाला अडचण वाटली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढून थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. असं क्वचितच होतं, पण तिथे सकाळपर्यंत थांबण्याचा धोका पत्करायचा नाही.

लग्नाचं. दाढ दोनदा सुजून गेली आहे, तेव्हा ती ठेवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या धावपळीत, जागरणात तिसऱ्यांदा सुजली तर ऐन हळदीला तोंड उघडणार नाही. पाच आठवडे हातात आहेत, ते पुरतात, पण मिश्री आजपासून बंद करून येत्या आठ-दहा दिवसांत काढणार असाल तरच. ते जमणार नसेल तर सरळ लग्न उरकून काढा, आणि तोवर तिथे रोज मिठाच्या पाण्याने धुवा. ‘दोन आठवडे आधी काढू, काय होतंय’ हा मधला मार्ग तुमच्यासाठी नाही. घरच्यांना सांगताना चार दिवस पूर्ण सुट्टी आणि दहा दिवस अर्धं काम असं सांगा. गिऱ्हाइकांचे ब्लाउज आधी संपवा, घरच्यांचे नंतर. घरचे थांबतात, आणि थांबले नाहीत तर हूक तरी स्वतः लावतील.

कागद कन्नडमध्ये असला तर लाजायचं काही कारण नाही. ‘हे मराठीत सांगा, मी फोनमध्ये रेकॉर्ड करते’ असं म्हणा. बेळगावात दवाखान्यात कुणी ना कुणी मराठी बोलणारं असतंच. मात्र सही करायचा संमतीचा कागद समजून घेतल्याशिवाय सही नको. खर्चाची अडचण असेल तर केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं गावातच आहेत, तिथे खासगीपेक्षा कमी पैशात होतं, फक्त वेळ जास्त जातो.

टाके विरघळणारे आहेत की काढायचे, ते निघण्याआधी विचारून घ्या. काढायचे असले तर साधारण सातव्या दिवशी यावं लागेल. बरं वाटतंय म्हणून ती फेरी बुडवू नका. कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा तीही सबब चालायची नाही.